टॅब २०, पट ४३: सहावीच्या वर्गात करायचं काय?

दिंडोरी तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "एका कारखान्याने शाळेला २० टॅब दिले. माझ्या सहावीचा पट ४३. गावात नेट असून नसल्यासारखं. पाठात टॅब कसे आणू? चाचण्या टॅबवर घेतल्या तर तपासणीचं ओझं कमी होईल का? आणि केंद्रप्रमुख दर महिन्याला वापराचा अहवाल मागतात, त्यात लिहायचं काय?"

सर, २० टॅब पुरणार कसे, ही धास्ती आधी डोक्यातून काढा. मी २६ वर्षं शिकवतेय, आधी पेठ तालुक्यात, मग निफाडला, आता नाशिकच्या जवळच. मधे एक वर्ष असं होतं की पट २४ आणि टॅब २५. टॅबच्या बाबतीत माझं सगळ्यात वाया गेलेलं वर्ष तेच. वर्गात गेलं की चिडीचूप. प्रत्येक पोर आपापल्या काचेत डोकं घालून बसलेलं. मी मनात म्हणायचे, काय शिस्त आहे! सहामाहीचे पेपर तपासायला घेतले तेव्हा कळलं की कुणी कुणाला "असं कसं रे?" म्हणून विचारलेलंच नाही. चुकलं की पुढचं बटण दाबायचं, लागलं की टाळी वाजायची, खेळ पुढे चालू.

आता माझ्याकडे चालू स्थितीतले १४ आहेत आणि पट ३८. तिघांत एक टॅब दिला की भांडण होतं, आणि मला ते हवंच असतं. तुम्ही १४ गट करा, तेरा तिघांचे आणि एक चौघांचा. राहिलेल्या सहापैकी चार चार्ज करून राखीव ठेवा. दोन व्हरांड्यात ठेवायचेत, ते कशाला ते पुढे सांगते. गटात एकाने टॅब धरायचा, एकाने वहीत लिहायचं, एकाने वर्गाला सांगायचं. टॅब धरणाऱ्याने स्वतःच्या मनाने बोट लावायचं नाही, बाकीचे सांगतील तिथेच लावायचं. हा नियम पहिल्या दिवशी फळ्यावर लिहा आणि दर तासाला कामं फिरवा. नाहीतर वर्गातली दोन-तीन चलाख पोरं, बहुतेक वेळा मुलगेच, टॅब बळकावतात आणि मुली वहीवर मान घालून बसतात. हे मी बरेच दिवस बघूनही मला दिसलं नव्हतं.

आता पाठाचं. बहुतेक जण सुरुवात व्हिडिओने करतात. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, २०१७ पासून सरकारचं दीक्षा अ‍ॅप आहे, तेव्हा साहजिकच आहे ते. पुस्तकात कोड घालायची वाट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी दाखवली, २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे तुम्हाला माहीत असेलच. व्हिडिओला माझा विरोध नाही. पण तो दाखवायला एक टीव्ही पुरतो. जिथे नेट येतं तिथे तो आधीच उतरवून घ्या, सगळ्यांना एकदम दाखवा, मधे थांबवा, विचारा. चौदा टॅबांवर चौदा ठिकाणी तोच आवाज मागेपुढे वाजायला लागला की वर्गाचा बाजार होतो.

टॅब मी तीन कामांसाठी काढते. बाहेरचं वर्गात आणायला, हलवून बघायला आणि पुन्हा ऐकायला. या तिन्हींत बसत नसेल तो पाठ फळ्यावरच बरा होतो.

बाहेरचं वर्गात आणायचं म्हणजे कसं, तर सहावीला कोन शिकवतानाचा माझा एक तास सांगते. मुलांना म्हटलं, मधल्या सुट्टीत कोन धरून आणा. फोटो आले ते असे: हापशाचा दांडा, पत्र्याची उतरण, खिडकीची कडी, आणि शाळेमागच्या द्राक्षबागेतले लोखंडी अँगल. आपल्याकडे बागेच्या त्या खांबांना सगळे अँगलच म्हणतात, त्यामुळे एकाने लगेच विचारलं, "बाई, अँगलला अँगल म्हणतात ते यामुळेच का?" मग टॅब आडवा ठेवायचा, फोटोवर बोटाने दोन रेघा मारायच्या आणि कंपासपेटीतला कोनमापक सरळ काचेवर ठेवून मोजायचं. अ‍ॅप नको, नेट नको.

एका गटाने वर्गाच्या दाराचा कोपरा मोजला आणि ७२ अंश सांगितले. दुसऱ्या गटाने तोच कोपरा ९० सांगितला. भांडण सुरू. "तुमचा कोनमापक सरकला." "नाही सरकला." "मग दार वाकडं आहे." मी गप्प बसले, हे अवघड असतं. शेवटी एक पोरगी कोनमापक घेऊन उठली, खऱ्या दाराला लावून बघितला, ९०. मग फोटो काढणाऱ्याला म्हणाली, "तू कुठं उभा होतास?" तो तिरका, पायरीवर उभा राहिला होता. त्या दिवशी माझा नियोजनातला पाठ अर्धाच झाला. पण फोटोतला कोन आणि खरा कोन एक नसतो, हे त्या वर्गाला परत सांगावं लागलं नाही. पुढे कागदावर तिरकं काढलेलं घन बघून तीच पोरं म्हणाली, "हा दाराचाच फोटो झाला."

हलवून बघण्यासाठी जिओजेब्रा हे गणिताचं अ‍ॅप आहे, नेटशिवाय चालतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हलवून बघायचे प्रयोग, फुकट आहेत, त्यातली बरीच मराठीत आहेत आणि एकेक उतरवून ठेवता येतात. फक्त आदल्या दिवशी एका टॅबवर उघडून बघा. वर्गासमोर पांढरा पडदा बघत बसायची पाळी माझ्यावर आलीय. जुना लॅपटॉप आणि साधा राउटर मिळाला तर कोलिब्री नावाचं सॉफ्टवेअर त्यावर बसवा. इंटरनेट नसलं तरी टॅब त्या लॅपटॉपला जोडले जातात आणि धडे, चाचण्या तिथूनच मिळतात. एक रविवार जातो, पण वर्षाची ददात मिटते.

आता चाचण्या. तपासणीचा वेळ वाचतो का, तर वाचतो. पण तेवढाच, कधीकधी जास्त, प्रश्न काढण्यात जातो. आणि हा सौदा फायद्याचा आहे, जर प्रश्न नीट काढलात तर.

उदाहरण देते. दशांश अपूर्णांकांवर मी पहिल्यांदा प्रश्न टाकला होता: ०.५, ०.३५ आणि ०.१२५ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती? बहुतेकांनी ०.५ लावलं. टॅबने हिरव्या खुणा दाखवल्या, मी खुश. दुसऱ्या दिवशी तोंडी विचारलं, "०.५ मोठं का?" एक मुलगा शांतपणे म्हणाला, "त्यात आकडे कमी आहेत ना." म्हणजे त्याच्या हिशेबाने दशांश चिन्हानंतर आकडे जितके कमी तितकी संख्या मोठी. उत्तर बरोबर, समज साफ चुकीची, आणि माझ्या प्रश्नाने ती झाकूनच टाकली होती.

तेव्हापासून तो प्रश्न मी असा विचारते: ०.४, ०.६२, ०.३१७. बरोबर उत्तर ०.६२. जे मूल दशांश चिन्ह विसरून ३१७ वाचतं ते ०.३१७ लावतं. "आकडे कमी म्हणजे मोठं" म्हणणारं ०.४ लावतं. आता टॅबवरची यादी बघितली की दोन वेगळ्या आजारांचे दोन गट समोर येतात, आणि दोघांना औषध एक चालत नाही. पहिल्या गटाला मी वजनकाट्याकडे नेते. बापाबरोबर लिलावाला किंवा दुकानात गेलेल्या पोराला इलेक्ट्रॉनिक काटा पाठ असतो. काट्यावर ०.३१७ दिसलं तर कांदा किती? "तीनशे सतरा ग्राम." आणि ०.६२० दिसलं तर? तिथे त्याचं त्यालाच हसू येतं. दुसऱ्या गटाला दशांशाच्या चौकटी रंगवायला बसवते, कारण त्यांना वाटतं की शतांश हे दशांशापेक्षा बारीक म्हणजे कितीही घेतले तरी कमीच.

सांगायचं एवढंच की प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक चूक बसवा. "यांपैकी नाही" हा पर्याय भरतीला टाकू नका. वीस प्रश्नांची चाचणी नको, तीन पुरेत, पाठ संपता संपता. आणि ते निकाल त्याच रात्री बघायचे, दुसऱ्या दिवशीच्या पाठात काय बदललं ते टाचणात एका ओळीत लिहायचं. निकाल बघायला सवड नसेल त्या दिवशी चाचणी घेऊच नका.

तिघांत एक टॅब असताना प्रत्येकाचं वेगळं उत्तर कसं मिळवायचं? एक तर गटाचं उत्तर हे गटाचंच असतं. त्यावरून एकट्याला गुण देऊ नका, ही चूक सर्रास होते. वैयक्तिक हवं असेल तेव्हा मी प्लिकर्स या अ‍ॅपची कार्डं वापरते. प्रत्येक मुलाला नंबराचं छापील कार्ड, ते ज्या बाजूने वर धरेल ते त्याचं उत्तर, आणि तुम्ही एका फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. शेजारच्याला पाहून कॉपी करता येत नाही, कारण प्रत्येकाचं चित्र वेगळं. तुमच्या एका फोनपुरतं नेट आलं की भागतं. गूगल फॉर्मला मात्र प्रत्येक टॅबला नेट लागतं, आणि फोनचा हॉटस्पॉट आठ-दहा यंत्रांपुढे बहुधा दम टाकतो.

फॉर्मवरून आठवलं. टंकून उत्तर लिहायचा प्रश्न देणार असाल तर सांभाळा. परिमितीच्या एका प्रश्नाला माझ्या वर्गातल्या हुशार मुलीला शून्य मिळालं. तिने उत्तर मराठी आकड्यांत लिहिलं होतं, २४. उत्तरसूचीत मी तोच आकडा इंग्रजी अंकांत टाकला होता. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. आणखी एकाने "२४ सेमी" लिहिलं, एकाने "चोवीस". तिघंही बरोबर, तिघंही नापास. ती मुलगी रडली नाही, तिने वही आणून माझ्यासमोर ठेवली आणि पायरी न पायरी वाचून दाखवली. मला त्या दिवशी सगळ्या वर्गाची माफी मागावी लागली. आता टंकलेली उत्तरं मी स्वतः डोळ्यांखालून घालते किंवा पर्यायच देते.

भाषेचं लेखन तर टॅबवर घेऊच नये असं माझं मत आहे. "ज्ञानेश्वर" लिहिताना पोरगं ज्ञ शोधण्यात एक मिनिट घालवतं, त्यात परीक्षा कीबोर्डची होते. शिवाय पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आलीय आणि ती कागदावर, पेनाने. तुमची सहावीची मुलं दोन वर्षांत तिथे पोचतील. हात सुटता कामा नये.

मग मूल्यमापनात टॅबची खरी जागा कुठली? आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० च्या ऑगस्टमध्ये आलं. सहावीला आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता होणारं, ५० आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटचं, ५०. आकारिकच्या साधनांत चाचणी आणि स्वाध्याय यांचा कागद तरी मागे राहतो. तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प यांचं काय राहतं? शुक्रवारी संध्याकाळी आठवून आठवून भरलेले गुण आणि "वाचन चांगले करतो" अशी ४३ वेळा फिरवून लिहिलेली वर्णनात्मक नोंद. मीही लिहिल्यात, आपल्यातच राहू द्या. टॅब इथे कामाला येतो.

व्हरांड्यातले दोन टॅब त्यासाठीच. जुलै, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी असं वर्षातून तीन वेळा प्रत्येक मुलाने एक न पाहिलेला उतारा एक मिनिट वाचून आवाज रेकॉर्ड करायचा. फाइलला नाव द्यायचं हजेरी क्रमांक आणि महिना, बस. वर्गात तुमचा पाठ चालू असतो, दोघं-दोघं उठून जातात, चार दिवसांत पट पुरा होतो. ऐकायला तुम्हाला पाऊण-एक तास लागेल, तो लागू द्या. कोण शब्दावर अडखळतं, कोण विरामचिन्ह गिळतं, कोण अंदाजाने शब्दाचा शेवट ठोकून देतं, हे वर्गातल्या गलक्यात कधीच इतकं ऐकू आलं नव्हतं.

एक मुलगी बाहेर गेली ती परतच येईना. जाऊन पाहिलं तर ती नववं रेकॉर्डिंग करत होती. आधीची आठ तिने ऐकून ऐकून पुसली होती. मी काहीच शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं होतं की "सूर्यास्त" नीट यायला हवा. फेब्रुवारीच्या पालकसभेत तिच्या वडिलांना जुलैचं आणि आत्ताचं अशी दोन्ही ऐकवली. गुणपत्रकावरच्या श्रेणीवर नुसती सही करून जाणारा माणूस, दोनदा परत लावायला सांगितलं त्याने.

पेठला असताना हे असतं तर, असं मला नेहमी वाटतं. तिथे घरची बोली कोकणा, आणि पुस्तकातली मराठी पोरांना परकी. तुमच्या वर्गात अशी मुलं असतील तर आजीकडून एखादी गोष्ट घरच्या बोलीत रेकॉर्ड करून आणायला लावा आणि मग ती पुस्तकी मराठीत गटाने लिहायला लावा. कळवण-सटाण्याकडची एक मैत्रीण हेच अहिराणीत करते. बोलीत घडाघडा बोलणारं पोर "अबोल" म्हणून नोंदवहीत गेलेलं असतं, ते अशा वेळी कळतं.

प्रात्यक्षिकाचंही तसंच. गटाने प्रयोग करताना अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायचा, पण चेहऱ्यांचा नाही, हातांचा. आणि काढतानाच एकाने सांगायचं की आता काय करतोय आणि काय होईल असं वाटतंय. "काय होईल असं वाटतंय" हे आधी बोलून घेतलं की नंतर कुणी "मला माहीतच होतं" म्हणत नाही.

चेहऱ्यांवरून एक गोष्ट. मुलांचे गुण, आवाज, फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती अपेक्षित आहे. कायदा बाजूला ठेवला तरी शेवटच्या नंबरच्या मुलाची यादी गावभर फिरणं बरं नाही. अ‍ॅपमध्ये नावाऐवजी हजेरी क्रमांक टाका. जे अ‍ॅप मुलाची जन्मतारीख आणि पालकाचा नंबर मागतं ते मी काढून टाकते.

कपाटातली व्यवस्था थोडक्यात, पण ही चुकली तर वरचं सगळं फुकट. मी पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत टॅब पूर्ण उतरलेले तसेच पत्र्याच्या खोलीत कुलूपबंद केले. जूनमध्ये तीन उघडलेच नाहीत आणि एकाची बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं होतं. सुट्टीला जाताना निम्मं चार्ज करून बंद करा, थंड खोलीत ठेवा, मे महिन्यात कुणाला तरी एकदा बघायला सांगा. बॅटरी फुगली की तो टॅब लगेच बाजूला काढायचा, त्याला चार्जर लावायचा नाही. वीसही टॅब एका स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, दोन-तीन बोर्डांवर वाटून, शाळा चालू असताना, डोळ्यांसमोर. चार्जिंगला दोन मुलं नेमा, दर आठवड्याला बदला. अ‍ॅप पिनिंग चालू केलंत तर मुलं धड्यातून उठून यूट्यूबवर जात नाहीत, निदान पहिले दोन महिने.

आणि फुटण्याची भीती. डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद झाली की शिक्षकाला वसुलीची धडकी भरते, मग टॅब कपाटातून निघतच नाहीत. कितीतरी शाळांत प्लास्टिकसुद्धा न काढलेले पडून आहेत. यावर उपाय एकच, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच ठराव करून घ्या की वर्गात वापरताना झालेलं नुकसान शिक्षकाकडून किंवा पालकाकडून वसूल होणार नाही, दुरुस्ती लोकवर्गणीतून होईल. ठरावाची प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. टॅब देणाऱ्यांकडे मात्र एक मागणी जरूर करा, पुढच्या वेळी टॅबऐवजी बॅटऱ्या आणि काचा द्या. माझ्याकडे एकदा टॅबबरोबर "आजीवन" म्हणून एक अभ्यासक्रमाचं अ‍ॅपही आलं होतं. त्याचं आजीवन दोन वर्षांत संपलं, सर्व्हरच बंद झाला. म्हणून जे नेटशिवाय आणि लॉगिनशिवाय चालत नाही त्यावर वर्षाचं नियोजन बांधत नाही मी.

नुसत्या वाटपाने काय होतं ते पेरू देशाने बघितलंय. तिथे सरकारने मुलांना लॅपटॉप वाटले, आणि २०१२ साली आलेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडल्याचा पुरावा सापडला नाही. केंद्रप्रमुखांनी विषय काढला तर सांगायला बरं.

आता त्यांचा अहवाल. नमुन्यात बहुधा "वापराचे तास" आणि "लाभार्थी विद्यार्थी" असे रकाने असतील. ते भराच, त्यावरून वाद घालू नका. खाली एक अर्धं पान जोडा. त्यात महिन्यातला एकच प्रश्न लिहा, वर ०.६२ चा सांगितला तसा. किती मुलांनी कुठला पर्याय लावला, दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलं, आणि आठवड्याने तोच प्रश्न आकडे बदलून दिल्यावर काय आलं. सुधारणा नसेल तर नाही म्हणून लिहा. माझ्याकडे एका महिन्यात उलट झालं होतं, चौकटी रंगवल्यानंतर गोंधळ वाढला होता, ते तसंच लिहून दिलं. आमच्या केंद्रप्रमुखांनी ते पान केंद्रातल्या शिक्षण परिषदेत वाचायला लावलं, आणि मागच्या बाकावरच्या एका गुरुजींनी सांगितलं की शंभर चौकटींचा कागद देण्याआधी दहा पट्ट्यांचा द्यायला हवा होता. तुम्ही तो आधी द्या.